विचारा, सांगते : हाफकिनसाहेबांना वरण-भात

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, "इतिहासातलं एखादं माणूस एका दिवसापुरतं ठाण्याला येणार असेल तर तुम्ही कोणाला बोलवाल? शिवाजी महाराज सोडून सांगा, ते सगळेच सांगतात." जागा संपत आली होती, म्हणून एका शब्दात उत्तर दिलं : हाफकिन. त्यावर इतकी पत्रं आली की विचारू नका. गावदेवी मंडईत भाजी घेताना दोघींनी गाठून विचारलं, ते वेगळंच. तेव्हा नेहमीचे प्रश्न, म्हणजे साखरेच्या रिपोर्टातले आकडे, थायरॉइडचं रक्त उपाशीपोटी द्यायचं की नाही, वगैरे पुढच्या अंकात. हा अंक हाफकिनसाहेबांचा.

प्रश्न : हाफकिन म्हणजे परळची ती संस्था ना? तो माणूस होता हे खरंच माहीत नव्हतं. कोण, कुठला? (एक वाचक, ऐरोली)

तुम्ही एकटे नाही हो. मी ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये 33 वर्षं काढली, त्यातली पहिली दहाएक वर्षं माझ्या लेखी हाफकिन म्हणजे बाटलीवरचं लेबल. धाकट्या भावाच्या तिकिटांच्या वहीत 1964 सालचं हाफकिनचं पोस्टाचं तिकीट होतं, ते आम्ही कुठल्याशा राजाचं समजायचो.

वाल्डेमार हाफकिन 1860 साली ओडेसात जन्मला. ओडेसा आज युक्रेनमध्ये, तेव्हा झारच्या रशियात. घर ज्यू. विद्यापीठात शिकवायला मेचनिकोव्ह, म्हणजे रक्तातल्या पेशी जंतूंना गिळतात हे ज्यांनी दाखवलं तेच. पोरगा हुशार, पण सरकारविरोधी विद्यार्थ्यांच्यात उठबस, त्यापायी अटकही झाली. पुढे प्राध्यापकी हवी असेल तर ख्रिस्ती हो, असं सांगितलं गेलं. तो झाला नाही. देश सोडून आधी जिनिव्हाला आणि 1889 मध्ये पॅरिसला पाश्चर संस्थेत गेला. तिथे जागा होती फक्त ग्रंथालयात. ओडेसात संशोधन केलेला माणूस पॅरिसला ग्रंथपालाचा मदतनीस झाला आणि उरलेल्या वेळात लॅबमध्ये कॉलऱ्याच्या जंतूंमागे लागला. आपल्याकडे अशा माणसाला "शिकून काय उपयोग झाला" असं चारचौघांत ऐकवलं असतं.

18 जुलै 1892 ला त्याने कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी, 1893 मध्ये, तो कलकत्त्याला आला, कारण कॉलरा इथे होता. (त्याच 1893 साली आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. मी तिथली जुनी सभासद. पाहुण्यांना तिथे न्यायचं ठरलेलंच आहे, त्याबद्दल पुढे येईलच.) कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये, आसामच्या चहामळ्यांत हिंडून त्याने हजारोंना लस टोचली.

मग 1896. सप्टेंबरात मांडवीतल्या एका आजाऱ्याला पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं, हा प्लेग. ऑक्टोबरात हाफकिनला मुंबईला धाडलं गेलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. माणसं म्हणाल तर एक कारकून आणि तीन शिपाई. मुंबई रिकामी होत होती, गाड्या भरभरून लोक गावाकडे पळत होते, आणि हा त्या खोलीत तीन महिने. मदतनिसांपैकी एकाचं डोकं चालेनासं झालं, दोघं सोडून गेले. 10 जानेवारी 1897 ला लस तयार झाली आणि त्याने ती पुन्हा स्वतःलाच टोचून घेतली, 10 घन सेंटिमीटर. पुढे लोकांना देत त्यापेक्षा बरीच जास्त. ताप भरला, हात दुखून आला, उतरला.

नंतर लोक हळूहळू पुढे आले. आगाखानांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली, आपला खुश्रू लॉज हा बंगला लॅबसाठी दिला, आणि त्यांच्यामागे हजारो खोजांनी दंड पुढे केला. 10 ऑगस्ट 1899 ला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आज तुम्ही म्हणता ती संस्था, तिला हाफकिनचं नाव 1925 मध्ये मिळालं. तोवर मुंबईतून प्लेगच्या लसीचे 2 कोटी 60 लाख डोस बाहेर गेले होते.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या सायन्सच्या बाई म्हणाल्या, हाफकिननी लस बनवताना तूप वापरलं. खरं का? (एक विद्यार्थिनी, कळवा)

खरं आहे गं, आणि तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. मला या माणसाचा लळा लागला तो तुपामुळेच.

आधी जंतू वाढवायचा कसा ते बघ. जंतूंना खाऊ लागतो. आम्ही लॅबमध्ये त्याला मीडिया म्हणतो. युरोपात तो सहसा गोमांसाच्या पाण्यावर करत. इथे हिंदू गाईला तोंड लावणार नाहीत, मुसलमान डुकराला. त्या रसातून तयार झालेली लस कोण टोचून घेईल? हाफकिनने बोकडाचं मटण घेतलं, ते आम्लात जिरवून त्याचा रस केला. हा खाऊ बाटलीत भरला आणि वर साजूक तुपाचे थेंब सोडले. तूप तरंगतं, हे तुला वरणावर दिसतंच. प्लेगचा जंतू त्या थेंबांच्या पोटाला खालून चिकटतो आणि खाली खाली वाढत जातो, जुन्या देवळाच्या गळक्या छताखाली चुन्याचे लोंबते सुळे तयार होतात ना, तसा. आता बाटली हलवायची नाही. कोणी धक्का दिला तर सुळे तुटून तळाला जातात. वाढ पुरेशी झाली की मात्र मुद्दाम हलवायची, सुळे पाडायचे, थेंब पुन्हा वर येतात, पुन्हा नवे सुळे लागतात. असं पाच-सहा आठवडे. मग सगळं तापवून जंतू मारायचे, कार्बोलिक (हे जंतुनाशक) घालायचं, बाटल्यांत भरायचं. मेलेला जंतू रोग देत नाही, पण आपलं शरीर त्याला ओळखायला शिकतं.

हे सुळे दुसऱ्या जंतूंना सहसा असे लागत नाहीत. म्हणजे तूप नुसता खाऊ नव्हता, ओळखपत्रही होतं. लोंबते सुळे दिसले की बाटलीत प्लेगच आहे, दुसरं काही घुसलेलं नाही, ही खात्री.

आणखी एक. प्लेगच्या जंतूला 28 अंशांच्या आसपासची ऊब मानवते. म्हणजे आपल्याकडची दिवाळीनंतरची संध्याकाळ! लॅबमध्ये इनक्युबेटर बंद पडला की आमची पळापळ व्हायची. त्या खोलीला मुंबईची हवाच बरीचशी पुरली असणार.

तुझ्या बाई पुढे विचारतील, म्हणून सांगते : प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे 1898 मध्ये पॉल-लुई सिमों याने कराचीत दाखवलं. म्हणजे हाफकिनने लस केली तेव्हा रोग कसा चढतो हे अजून नीट कळलं नव्हतं. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना मात्र "उंदीर पडायला लागले की घर सोडायचं" हे पाठ होतं. माझी आजी सातारकडची, ती सांगायची, तिच्या सासूच्या लहानपणी सगळं गाव माळावर झोपड्या बांधून राहिलं होतं आणि मांजर तेवढं घरी राखणीला.

प्रश्न : मग डॉ. व्हिएगस यांना का नाही बोलवत? (एक वाचक, मुलुंड)

त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे. मी त्या बाजूला गेले की रस्ता ओलांडून नमस्कार करते. भेट झाल्यासारखीच आहे.

प्रश्न : कैद्यांवर प्रयोग करणारा आणि ज्या सरकारच्या सोजिरांनी पुण्यात घराघरांत घुसून बायकांना रस्त्यावर आणलं त्याच सरकारचा नोकर. त्याला तुम्ही पंगतीला बसवणार? वाईट वाटलं वाचून. (एक निवृत्त शिक्षक, वाशी)

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बोचलं, आणि बोचायलाच हवं होतं.

पुण्यात 1897 मध्ये रँडच्या हाताखाली जे झालं त्यात हाफकिन नव्हता. त्याचं काम मुंबईत, बाटल्यांपाशी. त्याची लस सक्तीची नव्हती, ज्याला हवी त्याने घ्यावी. घरं उघडणं, देवघरात बूट घालून शिरणं, माणसं उचलून छावणीत नेणं ही सक्ती सरकारची, आणि 22 जूनच्या रात्री चापेकरांनी त्याचा जो हिशेब केला तो सगळ्यांना ठाऊक आहे. उलट इंग्रज अंमलदारांना हाफकिन कधी आपला वाटलाच नाही. रशियातून आलेला, म्हणून हा झारचा हेर तर नाही ना, अशी शंका त्याच्यावर घेतली गेली.

लोकांचं काय, तेही सांगते. मुंबईत तेव्हा बोलवा होती की इस्पितळात नेतात ते मोमियाई काढायला, माणसाला उलटं टांगून त्याचं तेल काढतात. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. आपल्याला आज हसू येतं. पण ज्याच्या दाराशी आधी शिपाई आणि मागून डॉक्टर येतो, त्याने काय समजायचं? मी सुई घेऊन वॉर्डात जायची तेव्हा मोखाड्या-जव्हारकडून आलेल्या बायका पदर दंडावर घट्ट धरून बसायच्या. त्यांना अडाणी म्हणणारे आमच्यात होते. मी म्हणत नसे, निदान मोठ्याने तरी नाही.

आता कैदी. जानेवारी 1897 च्या अखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला होता. तिथल्या काही कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्हीकडची गणती ठेवली. लस घेतलेल्यांत रोग कमी झाला. कागदावर ते सगळे स्वखुशीने पुढे आलेले. इथे मात्र सर, मी तुमच्या बाजूची आहे. आमचं ठाण्याचं कारागृह जुन्या किल्ल्यात आहे, त्या भिंतीला लागून मी रोज कामावर जायची. आत असलेल्या माणसाची खुशी म्हणजे काय? साहेब विचारतोय, बाजूला जेलर उभा आहे, "नको" म्हटलं तर उद्या काय होईल ठाऊक नाही. हाफकिनने आधी स्वतःला टोचून घेतलं, हे त्याच्या बाजूने मोठंच. पण त्याला "नको" म्हणायची मोकळीक होती.

तेव्हा बोलावणार आहे, आणि हे विचारणारही आहे. जेवणानंतर नाही, आधीच. जेवून झाल्यावर आपली माणसं फार गोड बोलतात.

प्रश्न : ताई, प्लेगचंच म्हणता तर सावित्रीबाई का नाही आठवल्या? (एक अंगणवाडी सेविका, दिवा)

आठवल्या. पहिल्या त्याच आठवल्या.

हाफकिनने स्वतःला लस टोचली 10 जानेवारी 1897 ला. सावित्रीबाई प्लेगने गेल्या 10 मार्चला, त्याच वर्षी. मुलगा यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना. दोन महिन्यांचं अंतर आणि मुंबई-पुण्यातलं अंतर. आम्ही लॅबवाले असे हिशेब करत बसतो आणि झोप उडवून घेतो. बाटली वेळेत पुण्याला गेली असती तर? पण ही लस प्लेग होऊन अंगात गाठ आल्यावर चालत नाही. आधी टोचून ठेवावी लागते. आणि एक बॅच लागायलाच पाच-सहा आठवडे. फेब्रुवारीत बाटल्या होत्या किती? आणि त्या बाईंनी आधी स्वतःला टोचून घेतलं असतं, की "त्या पोराला द्या" म्हटलं असतं?

भेटावंसं वाटतंच. पण त्या समोर आल्या तर मला बोलताच येणार नाही, नुसती रडेन. हाफकिनशी मी भांडू तरी शकेन.

प्रश्न : बोलणार कोणत्या भाषेत? (एक वाचक, घणसोली)

इंग्रजीत. माझं इंग्रजी लॅबपुरतं, त्यांचं परक्याचं. दोघांची वाक्यं आखूडच राहतील. चांगलंच आहे ते.

प्रश्न : जेवायला काय कराल? आणि ठाण्यात दाखवणार काय, तलाव नि मॉल? (एक सुगरण, नौपाडा)

मॉल नाही. घोडबंदर रोडला नेलं तर दिवस सिग्नललाच जाईल.

जेवणाचा विचार मी खरंच केलाय. हाफकिन धर्म पाळणारे ज्यू होते, उतारवयात तर फारच कडक. त्यांच्या खाण्यात मांस आणि दूध एकत्र येत नाही, मांस कसं कापलंय तेही बघावं लागतं. ती भानगड आपल्या ओट्यावर नको. शाकाहारी घरचं जेवण : साधं वरण, आंबेमोहोराचा भात, अळूचं फदफदं, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर, ताक. भातावर वरण, वरणावर तूप. ते मी स्वतः वाढणार, चमच्याने, थेंब थेंब. आणि बघणार त्यांच्याकडे. थेंब तरंगेल, पसरेल. ते काय म्हणतील माहीत नाही. कदाचित ताट थोडं तिरकं करून खालून काही लोंबतंय का ते बघतील! मी तरी बघितलं असतं.

मामलेदार मिसळ नको. पहिल्या घासालाच पाहुणे परत ओडेसाला जायचे.

शनिवार असला तर पंचाईतच नाही. टेंभी नाक्याजवळ आपल्याकडे सिनेगॉग आहे, 1879 सालचं. हाफकिन मुंबईत उतरले तेव्हा ते उभं होतं. ठाण्यातल्या, कोकणातल्या बेने इस्रायल लोकांना आपण शनिवार तेली म्हणायचो, घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. बोली अस्सल मराठी. माझ्याबरोबर लॅबमध्ये एक बेने इस्रायल मैत्रीण होती, तिच्याकडचा मलिदा मी अजून विसरलेले नाही : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, वर फळांच्या फोडी. मटण शिजवताना दुधाच्या जागी नारळाचं दूध घालायची युक्तीही तिचीच. हाफकिनसाहेबांना तिच्याकडेच सोपवेन. रशियातून निघाल्यावर आयुष्यभर परक्यांच्या देशात राहिलेला माणूस, त्याला खारकर आळीच्या पलीकडे कोणी "शालोम, या बसा" म्हणालं तर कसं वाटेल, एवढंच मला बघायचंय.

नंतर ग्रंथसंग्रहालय. पुस्तकांच्या घोड्यांमधून हिंडवेन. ग्रंथालयातला जुना नोकर आहे, धूळ कुठे बसते ते त्याला कळेल. संध्याकाळी मासुंदा तलावाच्या काठी, कोपिनेश्वराच्या बाजूला, भेळ. (भेळेत शेंगदाणे चालतात ना? हे मैत्रिणीला विचारून ठेवते.)

प्रश्न : मी एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दोन वर्षं झाली. समजा त्यांना एकच प्रश्न विचारता आला तर कोणता विचाराल? (एक वाचक, नेरूळ)

तू धंद्यातली दिसतेस, तुला तू म्हणते. हा अंक खरं तर तुझ्या पत्रासाठीच लिहायला घेतला.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुल्कोवाल नावाचं गाव, आज ते पाकिस्तानात आहे. प्लेग जोरात, लस टोचायचं काम चालू. त्या दिवशी 107 जणांना पाच बाटल्यांतून लस दिली. त्यातल्या एका बाटलीतून ज्या 19 जणांना दिली, त्या सगळ्यांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. बाकीच्या चार बाटल्यांतून घेतलेल्या 88 जणांना काही झालं नाही.

बाटल्या परळहून गेल्या होत्या. चौकशी बसली. पंजाबला लस भरपूर आणि लवकर हवी होती, म्हणून हाफकिनने कृती बदलली होती, कार्बोलिक वगळून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. पॅरिसला पाश्चर संस्थेत तसंच करत. चौकशीवाल्यांनी तेच धरून ठेवलं : दोष बाटली उघडण्याआधीचा, म्हणजे परळचा, म्हणजे हाफकिनचा. त्याला कामावरून दूर केलं. तो इंग्लंडला गेला आणि आपली बाजू मांडत राहिला. वर्षांमागून वर्षं.

आणि चौकशीच्याच कागदांत एक साक्ष होती. मुल्कोवालला बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकमध्ये नुसता फिरवला आणि त्यानेच बूच ओढलं. धनुर्वाताचा जंतू कुठे राहतो ते तुला सांगायला नको. मातीत. त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपलेले जंतू, कार्बोलिकमध्ये बुचकळून मरत नाहीत, तेही तुला माहीत आहे. ते कागद सरकारने छापले तेव्हा 1906 संपत आलं होतं. लंडनच्या लिस्टर संशोधन संस्थेने सगळं पुन्हा तपासलं. 29 जुलै 1907 ला मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि आणखी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं. हाफकिन निर्दोष ठरला. मग पुन्हा हिंदुस्थानात आला, पण परळला नाही, कलकत्त्याला. 1914 मध्ये निवृत्त होऊन गेला, 1930 मध्ये लोझानला वारला.

लोक म्हणतील, विचार की, एवढा अन्याय कसा सोसला. ते मी नाही विचारणार. मला विचारायचंय ते असं : साहेब, चिमट्याची ती साक्ष पहिल्यांदा वाचलीत त्या रात्री तुम्हाला त्या माणसाचा राग आला का? त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केलात का?

का विचारायचंय, ते सांगते. 1986 सालचा पावसाळा. मला नोकरीत चार वर्षं झाली होती. एका आठवड्यात पाच पेशंटच्या रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तात जंतू आहे का हे तो वाढवून बघायच्या तपासणीत, एकच जंतू उगवला. पाच वेगळे पेशंट, वेगळे वॉर्ड. तुझ्या लक्षात आलंच असेल, जंतू पेशंटचा नव्हता, आमचा होता. मातीतला साधा बॅसिलस. कोणी दगावलं नाही, पण एका बाईला दोन दिवस नको ती इंजेक्शनं टोचली गेली. वर विचारणा झाली. काचसामान धुणारे आमचे मामा होते, साठीकडे झुकलेले, सगळ्यांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. बाटल्या नीट धुतल्या नाहीत, ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्राला, घाई केली. मेमो निघाला. मामांनी सही केली. त्या वर्षीची त्यांची वाढ थांबली.

फोर्सेप, म्हणजे चिमटाच, माझ्या हातून पडला होता. मुलगी पाळणाघरात, सहानंतर ठेवून घेत नसत, मला साडेपाचला निघायचं होतं. उचलला, स्पिरिटमध्ये बुडवला, बर्नरवर धरला नाही. आणि नंतरचे तीन दिवस तोच वापरला. हे मला मेमो निघायच्या आदल्या दिवशी समजलं होतं. मी गप्प बसले.

(तुझ्या हातून पडला तर बाजूला ठेव, दुसरा घे, बाटली टाकून दे. पाळणाघरवाली रागावेल, रागावू दे.)

मामा दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाचा चहा झाला, सगळे पांगले, ते सवयीने कप विसळायला मोरीपाशी गेले. मी मागे गेले आणि सांगून टाकलं. ते हात न थांबवता म्हणाले, "मला माहीत होतं ताई. मी इथेच उभा होतो ना. पडल्याचा आवाज आला होता."

मी म्हटलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"ते तुम्ही बोलायचं होतं," म्हणाले, आणि पुढचा कप घेतला.